शेवटच्या फेरीत घेऊ

ताई छोटीपेक्षा जेमतेम काही महिन्यांनी मोठी. एवढ्या भांडवलावर खरं तर कुणी कुणाची ताई होत नाही, पण घरातल्या मोठ्यांनी एकदा नावं वाटून टाकली की ती जन्माला चिकटतात. दोघींचे वडील सख्खे भाऊ. दोघे मिळून खिडक्यांना काचा बसवायचा धंदा करायचे. दुकान खाली, घर वर, आणि दुकानात न मावणाऱ्या काचा घराच्या बोळात भिंतीला टेकून उभ्या. त्यामुळे या घरात कुणी पळायचं नाही, हा पहिला नियम. आणि छोटी पळायला लागली की ताईने तिचा हात धरायचा, हा दुसरा. हात धरायची सवय ताईला तिथून लागली.

पुढे शाळेत तिने छोटीचा हात धरला, बसमध्ये धरला, दहावीच्या अभ्यासात तर अक्षरशः ओढत नेलं. बांधकामाच्या पदविकेला जायचं ताईने ठरवलं तेव्हा छोटीचा अर्जही तिनेच भरला. छोटीला बांधकामाची आवड आहे का, हे कुणी विचारलं नाही. छोटीनेही सांगितलं नाही. काकू, म्हणजे छोटीची आई, एवढंच म्हणाली, "तू आहेस ना तिच्यापाठी, मग मला घोर नाही." काकू हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणत आली होती आणि दर वेळी ते ऐकून ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

छोटी मठ्ठ नव्हती. संथ होती. गणित तिला सुटायचं, पण बाकीच्यांचं सुटून, चहा पिऊन, परत येऊन झाल्यावर. ड्रॉइंगच्या कागदावर ती इतकं रबर फिरवायची की एखाद्या ठिकाणी आरपार दिसायला लागे. वर्गात तिला सगळे 'ताईची छोटी' म्हणायचे. नुसतं छोटी नाही, ताईची. ताईला त्यात काही खटकलं नाही. आपल्या छत्रीला कुणी आपली छत्री म्हटलं तर त्यात खटकायचं काय?

दुसऱ्या वर्षी त्यांना जे सर आले त्यांचं नाव मुलांनी पहिल्याच आठवड्यात ठेवलं: ओळंबा. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. सरही तसेच. उंच, ताठ, आणि आपण सोडून बाकीचं जग थोडं तिरकं आहे अशी पक्की खात्री असलेले.

दर वर्षी या वर्गाला गटाने एक पूल बनवावा लागे. आइस्क्रीमच्या काड्या आणि गोंद, बाकी काही नाही. शेवटी पुलाला बादली टांगायची, बादलीत वाळू ओतत जायची, आणि पूल मोडेपर्यंत बघत राहायचं. ज्यांचा पूल सगळ्यात जास्त वजन पेलेल, त्यांना सुट्टीत एका मोठ्या बांधकाम कंपनीत शिकाऊ म्हणून घेत. त्यासाठी मुलं जीव टाकायची. आतापर्यंत "आपापले गट करा" असं म्हणून मास्तर लोक चहाला निघून जात. मग काय, मित्र मित्रांबरोबर, मैत्रिणी मैत्रिणींबरोबर, आणि ज्यांना कुणीच विचारलं नाही अशांची मोट बांधून शेवटी एक गट. त्या गटाचा पूल बादली टांगायच्या आधीच बसायचा. ओळंबा सरांना हे सगळंच तिरकं वाटलं.

"या वर्षी मी सांगतो तसं," ते म्हणाले. "गेल्या परीक्षेतले पहिले सहा जण गटप्रमुख. ते फळ्यापाशी उभे राहतील आणि एकेक माणूस निवडतील. पहिला आलेला आधी, मग दुसरा, असं सहाव्यापर्यंत. की परत पहिल्यापासून. अशा तीन फेऱ्या. निवडलेला माणूस बदलून मिळणार नाही. उद्या साइटवर जाल तेव्हा माणसं निवडता आली पाहिजेत. मैत्री चहाला, काम कामाला."

पहिली ताई आली होती. म्हणजे पहिल्यांदा तोंड उघडायचं तिनेच.

त्या संध्याकाळी दोघी आपल्या खोलीत होत्या. छोटी कार्यशाळेच्या एप्रनचा उसवलेला खिसा शिवत बसली होती. खाली काका काच कापत होते, त्याचा करकर आवाज जिन्यातून वर येत होता.

"ताई, उद्या मला घेशील ना?" छोटीने मान वर न करता विचारलं.

"वेडी आहेस का? हा काय प्रश्न झाला?"

"नाही, सर म्हणाले ना, मैत्री चहाला."

"तू काय मैत्रीण आहेस माझी? बहीण आहेस. गप बस आणि तो दोरा तोड, केवढा लांब घेतलायस."

छोटी हसली आणि दोरा तोडला. तिच्यापुरता विषय संपला. ताईच्या डोक्यात मात्र तो तिथे सुरू झाला. छोटीला घ्यायचं, हे ठरलेलंच होतं. त्यात तिळमात्र शंका नव्हती, हे ताईच्या बाजूने सांगायलाच हवं. प्रश्न होता तो कधी घ्यायचं हा. वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे गणित्या म्हणत. भार कुठे पडेल, कुठली काडी आधी मोडेल, हे तो बोटांवर सांगायचा. त्याला पहिल्या फेरीत नाही उचलला तर दुसऱ्या नंबरवाला सोडणार नव्हता. एक मुलगी होती, तिचं जोडकाम इतकं नेटकं की गोंद लावलाय हेच कळू नये. तिला मुलं सुबक म्हणायची. ती दुसऱ्या फेरीपर्यंत टिकली तर नशीब. आणि छोटी? छोटीला कोण घेतंय? ती शेवटच्या फेरीपर्यंत कुठे जात नाही. तिला शेवटी घेऊ.

हिशेब बिनचूक होता. त्यात एकच गोम होती. तो छोटीला सांगता येण्यासारखा नव्हता. सांगायचा तर 'तुला दुसरं कुणी घेणार नाही' हे वाक्य तोंडातून काढावं लागलं असतं, आणि ते ताईच्याने निघेना. मग तिने सोपा मार्ग धरला. न सांगण्याचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटी आपल्याच गटात येणार आहे ना, मग आधी काय आणि नंतर काय, अशी तिने मनाची समजूत घातली आणि कपाटातून उद्याचे कपडे काढायला उठली.

दुसऱ्या दिवशी सहाही गटप्रमुख फळ्यापाशी उभे राहिले. ताई सगळ्यांत अलीकडे. सगळ्यांत पलीकडे सहावा आलेला मुलगा, मिस्त्री. कानावर सदानकदा पेन्सिल खोचलेली असायची म्हणून मिस्त्री. सरांनी घड्याळाकडे बघून मान हलवली.

छोटी तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने वही दप्तरात टाकली होती, दप्तराचा पट्टा खांद्यावर घेतला होता आणि बाकावरून अर्धवट उठली होती. तिला ठाऊकच होतं. वर्गालाही ठाऊक होतं. दोघा-तिघांनी तर तिला बाहेर पडायला वाट करून देण्यासाठी पाय आत घेतले होते.

"गणित्या," ताई म्हणाली.

गणित्याने आजूबाजूला बघितलं, कारण त्याचाही विश्वास बसला नाही. मग तो उठला. छोटी तशीच क्षणभर अधांतरी राहिली, आणि मग हळूच खाली बसली. दप्तराचा पट्टा खांद्यावरून काढला आणि मांडीवर घेऊन त्याची घडी करत बसली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. ताईने तिच्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली. थांब, घेतेय. पण अशा खुणा समोरचं माणूस आपल्याकडे बघत असेल तरच पोचतात, आणि छोटी पट्ट्याकडे बघत होती.

पहिली फेरी संपली. ताईचं नशीब असं की सुबक अजून शिल्लक होती. दुसऱ्या फेरीत ताईने तिचं नाव घेतलं. या वेळी छोटी उठली नाही. दप्तरही तिने खाली ठेवलं होतं. वर्गात आता एक वेगळीच शांतता पसरली, लोकांच्या घरातलं भांडण शेजाऱ्यांना ऐकू यायला लागल्यावर पसरते तशी.

दुसरी फेरी पुढे सरकत मिस्त्रीपाशी आली. त्याच्यानंतर पुन्हा ताई. ताईने श्वास घेऊनही ठेवला होता. मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि म्हणाला, "छोटी."

"कोण?" सरांनी विचारलं.

"छोटी, सर. ताईची छोटी."

"अरे, ती माझी आहे!" ताई म्हणाली. हे इतक्या पटकन आणि इतक्या मोठ्याने बाहेर पडलं की तीही दचकली.

सरांनी चष्मा वर सरकवला. "तुझी म्हणजे?"

"म्हणजे मी तिला घेणार होते, सर. आता माझीच पाळी आहे. तिसऱ्या फेरीत."

"मग आधी का नाही घेतलीस?"

आता इथे शहाणं माणूस गप्प बसलं असतं. 'चुकलं, सर' म्हणून पाय मागे घेतला असता. पण ताई पहिली आलेली. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, एवढंच तिला आजवर शिकवलं होतं. आणि समोर तिचा सगळा डाव हातातून निसटत होता.

"मला वाटलं, ती राहीलच," ती म्हणाली. "तिला कोण घेणार, असं वाटलं मला."

वर्ग हसला. वाईट मनाने नाही हसला, मुलं हसतात तसा हसला. पण हसला. ताईला आपलं वाक्य आपल्याच कानांनी ऐकू आलं तेव्हा उशीर झाला होता. छोटी उठली होती, दप्तर उचललं होतं आणि बाकांच्या मधून चालत फळ्याकडे येत होती. चालताना ती कुणाकडे बघत नव्हती. ती ताईच्या समोरून गेली आणि मिस्त्रीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"तू का घेतलंस तिला?" सरांना खरंच उत्सुकता होती.

मिस्त्रीने खांदे उडवले. "ती काम अर्धवट टाकून जात नाही, सर. आणि भांडत नाही. मी आणि पहिल्या फेरीत घेतलेला, दोघेही भांडखोर आहोत."

तिसऱ्या फेरीत ताईने कुणाचं तरी नाव घेतलं. बहुतेक पेंगूचं, शेवटच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्या मुलाचं. तिला नंतर ते आठवत नव्हतं.

बसमध्ये दोघी नेहमीसारख्या शेजारी बसल्या. ताईने मनाशी वाक्यं जुळवली होती. जुळवलेली वाक्यं नेहमी चुकीच्या क्षणी बाहेर पडतात. बस वळणावर आली, सगळे एका बाजूला कलंडले आणि तेवढ्यात ती म्हणाली, "अगं, मी तुला घेणारच होते."

"माहीत आहे."

"शप्पथ. शेवटच्या फेरीत."

"माहीत आहे, ताई. तू गणित्याला घेतलंस तेव्हाच माझ्या लक्षात आलं." छोटीचा आवाज साधा होता, त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागावर उपाय असतो. "मलाही वाटत होतं, मला कोण घेणार. सगळ्यांनाच वाटत होतं. पण तू बोलायला नको होतंस."

"चुकलं माझं."

"हो," छोटी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

घरी काकू भाजी निवडत बसली होती. "झाले का गट? दोघी एकत्र ना?" तिने विचारलं. आता कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे ताई ठरवतच होती, तेवढ्यात छोटी चपला काढता काढता म्हणाली, "नाही गं. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी दुसरीकडे निघाले."

"अरे देवा. चिठ्ठ्यांना काय कळतंय," काकू हळहळली. "असू दे. नशीब म्हणायचं. ताई, तू लक्ष ठेव हं तिच्यावर."

ताई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? छोटीने तिला वाचवलं होतं. लहानपणापासून पाठीशी घालायचं काम ताईकडे होतं, आणि आज ते न मागता दुसऱ्या हातात गेलं होतं. ताई आत जाऊन तोंड धुवायच्या निमित्ताने बराच वेळ नळापाशी उभी राहिली. ती रडली. आणि रडताना तिला हेही कळत होतं की हे रडणं निम्मं छोटीसाठी आहे आणि निम्मं स्वतःची अब्रू गेली म्हणून.

त्यानंतर घरात काही बदललं नाही, असंच कुणालाही वाटलं असतं. छोटी बोलत होती, हसत होती, ताट घेत होती, ताईच्या वेणीचा गुंता काढून देत होती. फक्त ती विचारेनाशी झाली. आधी दिवसातून दहा वेळा 'ताई, हे कसं?', 'ताई, हे बरोबर आहे का?' चालायचं. ताई वैतागून म्हणायची, "तुला स्वतःचं डोकं आहे की नाही?" आता कुणी विचारत नव्हतं, आणि ताईला आपल्या डोक्याचं काय करावं तेच कळेना. छोटी सकाळी लवकर निघायची, कारण मिस्त्रीचा गट लवकर जमायचा. बसमधली शेजारची जागा रिकामी राहायची. ताई तिथे आपलं दप्तर ठेवायची.

ताईचा गट म्हणजे एकापेक्षा एक शहाणे. गणित्याचं म्हणणं पूल कमानीचा हवा, सुबकचं म्हणणं कमान दिसायला बेढब होईल, पेंगूचं काहीच म्हणणं नव्हतं. काम उत्तम चाललं होतं. एकमेकांशी गरजेपुरतं बोलायचं, आपापल्या काड्या चिकटवायच्या, घरी जायचं.

एके दुपारी ताई गोंदाचा डबा आणायला कार्यशाळेच्या मागच्या बाजूने गेली. तिथल्या खोलीत मिस्त्रीचा गट काम करत होता. खिडकी उघडी होती. आतून आरडाओरडा ऐकू येत होता आणि त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर होता. ताई थबकली. तो आवाज छोटीचा होता.

"नाही म्हणजे नाही! वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. काल तू लावलास आणि काय झालं? बाजूला हो!"

छोटी स्टुलावर उभी होती. हातात काड्यांचा जुडगा, केसांना गोंद लागलेला. मिस्त्री खाली उभा राहून हात जोडत होता. "अगं माते, रात्रीपर्यंत इथेच बसायचं का?"

"बसू. तुला घाई असेल तर जा. पूल राहील, तू नसलास तरी चालेल."

बाकीचे दोघे खो खो हसले. मिस्त्रीही हसला आणि मुकाट्याने खाली बसला. छोटी भांडत होती. मिस्त्रीने जिला भांडत नाही म्हणून घेतलं होतं, ती त्याच्याच डोक्यावर बसून भांडत होती आणि सगळ्यांना ते चालत होतं. ताईने ही छोटी कधी पाहिली नव्हती. इतकी वर्षं एका खोलीत काढली, एका ताटात जेवली, आणि ही मुलगी स्टुलावर चढून कुणाला दम देऊ शकते हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर छोटीला तशी वेळच आली नसेल. ताईच सगळीकडे आधी बोलून मोकळी व्हायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

ताई गोंदाचा डबा न घेताच परत आली. तिला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की माणूस काहीतरी करायला बघतो. गप्प बसवत नाही. तिने ठरवलं, पुढच्या वेळी छोटीला पहिलं घ्यायचं. सगळ्यांसमोर, पहिल्या फेरीत, पहिलं नाव. मग कुणी हसू दे बघू. त्या दिवशी जे सगळ्यांसमोर मोडलं ते सगळ्यांसमोरच जोडायचं. हे सुचल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं की हा विचार कुणाला विचारून बघावा, निदान जिच्यासाठी करायचाय तिला तरी, हे तिच्या मनातही आलं नाही.

पुलांचा निकाल लागला. ताईच्या गटाचा पूल पहिला आला. बादली भरली, दुसरी टांगली, तेव्हा कुठे तो मोडला. मिस्त्रीचा पूल मधेच कुठेतरी आला, धड वर नाही, धड खाली नाही. पण तो मोडला तेव्हा त्या चौघांनी असा काही कल्ला केला की बघणाऱ्याला वाटावं हेच जिंकले. ताईसाठी टाळ्या वाजल्या. छोटीनेही वाजवल्या, बाकीच्यांबरोबर, बाकीच्यांइतक्याच. सुट्टीत ताई कंपनीत जाऊन शिकून आली. काकूने शेजारीपाजारी सांगितलं. ताईला त्या सगळ्याची चव म्हणून लागली नाही.

पुढच्या सत्रात मोजणीचा प्रकल्प होता. कॉलेजच्या मागे एक टेकडी होती, तिचे चढउतार मोजून नकाशा काढायचा. पद्धत तीच. ओळंबा सरांना ती भलतीच आवडली होती. पहिले सहा फळ्यापाशी. ताई पुन्हा पहिली. मिस्त्री या खेपेला दुसरा, तिच्या शेजारीच.

छोटी खिडकीजवळच्या बाकावर, जुन्या गटातल्या दोघांबरोबर बसली होती. तिघं काहीतरी कुजबुजत होते, हसत होते. सरांनी मान हलवली.

"छोटी," ताई म्हणाली. स्पष्ट, खणखणीत आवाजात. आणि मग, आपल्याला वाटलेलं सगळं त्यात यावं म्हणून पुन्हा म्हणाली, "माझी पहिली निवड, सर. छोटी."

वर्गात "ओहो" झालं. कुणीतरी बाक वाजवला. वर्गाला पुलाची निवड आठवत होती, आणि आता ताईने कसं भरून काढलं ते सगळ्यांना दिसत होतं. ताईला सुटल्यासारखं झालं. तिने छोटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ज्यासाठी एवढं केलं, तो चेहरा बघायचा होता तिला.

छोटी मिस्त्रीकडे बघत होती.

मिस्त्रीच्या कानावरची पेन्सिल त्याच्या हातात आली होती. त्याने तोंड अर्धवट उघडलं होतं, नाव ओठांवर घेऊन थांबलेलं माणूस उघडतं तसं. मग त्याने ते मिटलं. बाकावरचे दोघे गप्प झाले होते. छोटी उठली, दप्तर घेतलं आणि पुढे येऊन ताईच्या बाजूला उभी राहिली. बहिणीने बहिणीच्या बाजूला उभं राहावं, इतपत जवळ.

"काय गं?" ताईने हळूच विचारलं. "आनंद नाही झाला?"

"मिस्त्री मला पहिल्या फेरीत घेणार होता," छोटी तितक्याच हळू म्हणाली. "आमचं चौघांचं ठरलं होतं. टेकडी कुठून मोजायची तेसुद्धा. आम्ही दोनदा जाऊन आलो." ती थोडं थांबली. "मला विचारायचंस तरी, ताई."

तिकडे मिस्त्रीने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतलं, पडलेल्या आवाजात. ताईच्या सगळं एकदम लक्षात आलं. त्या वेळी तिने छोटीला न विचारता मागे ठेवलं होतं. या वेळी न विचारता पुढे ओढलं. दोन्ही वेळा तिने छोटीला आपल्या सोयीने ठेवलं, एकदा पुलासाठी आणि एकदा स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी. वरातीमागून घोडं नेलं ते नेलंच, वर ते दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधलं.

"मी सांगते सरांना," ती म्हणाली. "बदलून मागते. काय करतील, ओरडतील. सर—"

छोटीने तिचा हात धरला. घट्ट, लहानपणी ताई तिचा धरायची तसा.

"नको," ती म्हणाली. "आता मला परत नको देऊस. सगळे बघतायत."

सरांनी वळून विचारलं, "काय? काही म्हणालीस?"

"नाही, सर," ताई म्हणाली.

फेऱ्या संपल्या. गट आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसले. मिस्त्रीच्या कोपऱ्यात नेहमीचा गलका नव्हता. छोटी ताईच्या शेजारी बसली, नवी वही काढली, पहिल्या पानावर समास आखला आणि पेन हातात घेऊन ताईकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. नव्या वर्गातल्या नव्या मुलीसारखी नीट, तयार.

"बोल," ती म्हणाली. "मी काय करायचं?"

"तुला काय वाटतं?" ताईने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, आणि मनापासून विचारलं. "तुम्ही जाऊन आला होतात ना टेकडीवर. कुठून सुरुवात करूया?"

"तू सांगशील तिथून," छोटी म्हणाली.

नकाशा सुरेख झाला. सरांनी तो चौकटीत लावून घेतला. छोटीने तिच्या वाट्याचं सगळं केलं, वेळेत केलं, उन्हात टेकडी चढून केलं, आणि सगळ्या सत्रात ताईशी एकदाही भांडली नाही.